दाजी, जरा बाजूला व्हा

गेल्या दिवाळीपासून आमच्या नात्यागोत्यात कुणाच्याही कार्याला कॅमेरा घेऊन यायची मला मनाई आहे. तसं तोंडावर कुणी बोललेलं नाही, आमची माणसं फार सभ्य. परवा भाचीच्या डोहाळजेवणाचं सांगायला आक्काचा फोन आला. सगळी चौकशी करून झाली आणि ठेवता ठेवता ती म्हणाली, "अन् दिगू, तू नुसताच ये बरं." आता हे 'नुसताच' कुठून आलं ते सांगायला मला लाज वाटते. पण बायकोचं म्हणणं असं, की मला लाज वाटण्याचा हा पहिलाच प्रसंग आहे, तर तो नीट लिहून ठेवावा.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण आणि दाजी म्हणजे तिचे मालक. मी औंढ्याजवळच्या शाळेत मास्तर, घर वसमतला. दाजी मूळ कुरुंद्याचे. तरुणपणी हळदीचं रान भावाच्या हवाली करून ते जालन्याकडच्या एका पोलादाच्या कारखान्यात लागले (कारखान्याचं नाव सांगत नाही, तिथल्या वॉचमनच्या वहीत माझं नाव लिहिलेलं आहे तेवढं पुरे) आणि चौतीस वर्षं त्यांनी तिथं एकच काम केलं. कारखान्याच्या आवारात शंटिंगचं एक डिझेल इंजिन होतं, ते चालवायचं. भंगाराने भरलेले डबे भट्टीकडे ओढायचे, सळयांनी भरलेले डबे फाटकाकडे ढकलायचे. ते इंजिन जन्मात कधी कारखान्याच्या भिंतीबाहेर गेलं नाही. चार चाकांचं, ठेंगणं, पिवळा रंग उडालेलं. दाजी त्याला 'म्हैस' म्हणत, कारण सकाळी ते चार हाका मारल्याशिवाय उठत नसे. आक्का त्याला 'माझी सवत' म्हणे, कारण दाजी घरात जेवायला बसले तरी गोष्टी त्याच्याच सांगत.

आणि मी? मला जुन्या इंजिनांचे फोटो काढायचा नाद. मास्तरकीत माणसाला कसला तरी नाद लागतोच. काहींना पत्त्यांचा लागतो, मला हा लागला. एक जुना कॅमेरा घेतला, त्याला हातभर लांबीची नळी बसवली आणि अशाच नादी लोकांच्या एका मोबाइल ग्रुपमध्ये घुसलो. त्या ग्रुपचे नियम आमच्या शाळेच्या नियमांपेक्षा कडक. फोटोत माणूस नको. माणसाची सावली नको. हारतुरे नकोत. फक्त इंजिन, जसं देवाने आणि कारखान्याने घडवलं तसं. मी त्या ग्रुपवर आठ महिने होतो आणि मला एकदाही कुणी 'वा' म्हटलेलं नव्हतं.

अशात दसऱ्याच्या आधी दाजींचा फोन आला. त्यांची नोकरी त्याच महिनाअखेर संपत होती, आणि त्यांच्याआधी इंजिनाची.

"गुरुजी, म्हशीला कापून राहिले," ते म्हणाले. "दसरा झाला की आमच्याच भट्टीत टाकणार म्हणतेत. तुमी खंडेनवमीला या. आमचा दोघांचा एक फोटो काढा तिच्यासंग. कुरुंद्याच्या घरात लावायचाय. बस, एकच."

चौतीस वर्षांत दाजींचा त्या इंजिनासोबत एकही फोटो नव्हता, कारण आवारात मोबाइल न्यायला बंदी. फक्त खंडेनवमीला मोकळीक. त्या दिवशी सगळी यंत्रं धुऊन पुसून त्यांची पूजा होते, नारळ फुटतात, मग दिवसभर कशालाही हात लावायचा नाही, आणि कामगारांच्या घरच्यांना आत येऊ देतात. पण आक्काने तेही कधी पाहिलं नव्हतं. तिचा दर नवरात्राचा घट कुरुंद्याच्या घरी, त्यामुळे नवमीला ती गावाकडे, आणि तिच्याशिवाय एकट्याने फोटो काढून घ्यायला दाजी तयार नसत. या वर्षी पहिल्यांदा तिने घट जावेच्या हाती सोपवला आणि सवतीला बघायला मागे राहिली. एवढं सगळं एका फोटोसाठी होतं, हे मला माहीत होतं. म्हणजे मला सांगता येणार नाही की मला माहीत नव्हतं.

मी आणि सुनंदा (ही माझी बायको, आणि या प्रकरणातली एकमेव शहाणी व्यक्ती) नवमीला दहाच्या सुमाराला कारखान्यात पोचलो. दाजी फाटकावर उभे. धुतलेला खाकी गणवेश, कडक इस्त्री, डोक्याला चापून तेल. आक्का मोरपंखी साडीत. तिने पहाटे उठून झेंडूचा एवढा लांब हार गुंफला होता की तो दोघांनी धरून आणावा लागला. कुरुंद्याची घरची हळद डब्यात भरून आणली होती. इंजिनापाशी गेल्यावर ती क्षणभर त्याच्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "लय बुटकी हाय की हो ही." मग तिने त्याच्या तोंडावर हळदीची पाची बोटं उमटवली, कुंकू लावलं, हार घातला, ओवाळलं आणि डोळे पुसले.

हे सगळं होत असताना मी काय करत होतो? मी दुसऱ्या बाजूने फोटो काढत होतो, कारण पूजेच्या बाजूला माणसं होती.

ते इंजिन मी पहिल्यांदाच पाहत होतो आणि मी वेडा झालो. असलं जुनं, असलं बुटकं इंजिन ग्रुपवर कुणाच्या बापाकडे नव्हतं. चाकांना जोडणारा दांडा अजून जागेवर! बाजूला घडवणाऱ्याची पितळी पाटी! मी रुळांवर पालथा झालो, उताणा झालो, खडीवर कोपरांनी सरपटलो. सुनंदाने इस्त्री करून दिलेल्या पांढऱ्या सदऱ्यावर वंगणाचा नकाशा उठला. बाकीच्या कामगारांची बायकामुलं इंजिनाजवळ यायला लागली की मी हात उंच करून वर्गात ओरडावं तसं ओरडायचो, आणि ती बिचारी दबकून मागे सरायची. मास्तरचा आवाज आहे, त्याचा उपयोग होतो.

दाजी दर दहा मिनिटांनी यायचे. इंजिनाच्या पायरीवर हात ठेवून उभे राहायचे, सदरा खाली ओढायचे, माझ्याकडे बघायचे. आणि मी म्हणायचो, "दाजी, जरा बाजूला व्हा." पहिल्यांदा म्हटलं तेव्हा ते हसले. पाचव्यांदा म्हटलं तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली आणि स्वतःहून सावलीत जाऊन बसले. ज्या माणसाने चौतीस वर्षं त्या इंजिनावर घालवली, त्याला मी त्याच्यापासून दहा पावलं लांब बसवून ठेवलं होतं.

मग हाराची पाळी आली. हारामुळे डबे जोडायचा पुढचा आकडा दिसत नव्हता. मी आक्काला सांगितलं की पाच मिनिटांसाठी काढतो, परत घालतो. ती म्हणाली की पूजा झाल्यावर हार काढत नसतात. मी म्हणालो की इंजिनाला काय कळतंय. तिने दाजींकडे पाहिलं. दाजींनी खालच्या मानेनेच, काढू दे, अशी खूण केली. मी हार काढला. ठेवायला स्वच्छ जागा शोधली तर सगळीकडे काजळी आणि तेल. फक्त एक पांढरी मोटार उभी होती. तिच्या तोंडावर हार अलगद पसरून ठेवला आणि परत येऊन रुमालाने इंजिनावरची हळदीची बोटं पुसायला लागलो. (होय, पुसली. पाचही पुसली. माझ्या सख्ख्या बहिणीच्या हाताची होती.)

ती मोटार कारखान्याच्या मोठ्या साहेबांची निघाली. साहेब आले, हार पाहिला आणि कुणीतरी प्रेमाने आपल्या गाडीची पूजा केली म्हणून हरखून गेले. शेजारच्या कामगाराकडून नारळ मागून घेतला, चाकासमोर फोडला, सगळ्यांना हात जोडले आणि हारासकट निघून गेले. मी मागे पळालो तेव्हा वॉचमनने मला अडवून वहीत माझं नाव लिहून घेतलं. साहेबांच्या गाडीमागे एक तेलकट माणूस धावतोय, एवढंच त्या बिचाऱ्याला दिसलं असणार.

परत येतो तर आक्का इंजिनासमोर उभी. केसातला गजरा तिने काढला होता आणि तो इंजिनाच्या पुढच्या आकड्याला अडकवत होती. सुनंदा जवळ येऊन हळू आवाजात म्हणाली, "आता आधी त्यांचा फोटो काढा. मग लोळा काय लोळायचं ते."

तेव्हा चार वाजले होते. मी म्हटलं, चला, उभे राहा. दाजी लगबगीने उठले. आक्काने पदर सारखा केला. दोघं इंजिनाच्या कडेला उभी राहिली, तिचा हात पायरीच्या दांड्यावर, त्यांचा हात तिच्या हाताशेजारी. दोघांनी श्वास रोखून धरला. जुनी माणसं फोटोला तशीच उभी राहतात, पापणीसुद्धा हलवत नाहीत.

मी कॅमेऱ्याला डोळा लावला. आणि काय सांगू! उतरतं ऊन नेमकं त्या पितळी पाटीवर आलं. दाजींच्या डोक्याच्या मागेच ती पाटी. अक्षरं सोन्यासारखी पेटली. सकाळपासून ज्या उजेडाची मी वाट पाहत होतो तो हा. माझा हात आपोआप नळी फिरवायला लागला, पाटी जवळ आली, आणखी जवळ आली, अक्षरन् अक्षर लख्ख झालं. मी चार वेळा बटण दाबलं आणि म्हणालो, "झालं! एक नंबर आला!"

"आला ना?" आक्का म्हणाली. तिने मग कुठे श्वास सोडला.

दसरा झाला. दाजींनी इंजिन शेवटचं चालवत नेऊन भंगाराच्या ढिगाशेजारी उभं केलं आणि किल्ली साहेबांच्या हाती दिली. पुढच्या आठवड्यात ते कापून भट्टीत गेलं. मी इकडे वसमतला रोज पाच-पाच फोटो ग्रुपवर टाकत होतो. लोक 'वा' म्हणत होते. आठ महिन्यांची उपासमार संपली होती. पाटीच्या फोटोला तर इतके अंगठे आले की मी जेवताना ताटाशेजारी मोबाइल ठेवायला लागलो. दाजींचा फोटो शोधून वेगळा काढावा, हे माझ्या डोक्यात आलं नाही असं नाही. काढू की, म्हणत राहिलो.

दिवाळीनंतर दाजी बिऱ्हाड आवरून कुरुंद्याला आले. गावाने सत्कार ठरवला आणि सत्कार म्हटला की आमच्याकडे फ्लेक्स आला. फ्लेक्सची जबाबदारी अर्थातच माझ्याकडे. नात्यागोत्यात मोठा फोटोग्राफर मीच. सत्काराच्या आदल्या दिवशी मी रुबाबात वसमतच्या फ्लेक्सवाल्या सलीमभाईच्या दुकानात गेलो, कॅमेऱ्यातलं सगळं त्याच्या संगणकात ओतलं आणि खुर्चीवर रेलून बसलो. सलीमभाई बराच वेळ फोटो सरकवत होता.

"सर, इंजन तो मस्त है," तो म्हणाला. "पर साहब किधर हैं?"

मी म्हटलं, पुढे असतील. तो पुढे गेला. मी म्हटलं, मग मागे असतील. तो मागे गेला. चारशेच्या वर फोटो होते. चाकं, दांडे, खिडकी, धुराडं, आकडा. शेवटी मी त्याला बाजूला करून स्वतः बसलो. चार वाजताचे फोटो काढले. पाटी. पाटी. पाटी. पाटी. आणि चौथ्या पाटीच्या डाव्या कोपऱ्यात, धूसर, एक कान.

तो कान मी ओळखला. कानात वरच्या बाजूला बारीक बाळी. दाजींशिवाय त्या अख्ख्या कारखान्यात तशी बाळी कुणाची नव्हती.

इंजिन आता सळया होऊन कुठल्या तरी स्लॅबमध्ये गेलं होतं. पुन्हा जाऊन काढतो म्हणायची सोय नव्हती. अशा वेळी सरळ माणूस काय करील? कुरुंद्याला फोन लावील आणि खरं सांगेल. मी सलीमभाईला विचारलं, "जोडून देता येतं का?"

तो म्हणाला, दुनिया में सब जुडता है, साहेबांचा एखादा फोटो द्या. माझ्या मोबाइलमध्ये दाजींचा एकच फोटो निघाला. माझ्या चुलतभावाच्या लग्नातला. गुलाबी फेटा बांधलेले, हसणारे, हातात जिलबीचं ताट, वाढायला वाकलेले. सलीमभाईने तो कापून इंजिनाच्या खिडकीत बसवला. डोकं खिडकीपेक्षा मोठं झालं. लहान केलं तर ओळखू येईना, म्हणून पुन्हा मोठं केलं. ताट काही केल्या कापलं जाईना, तेव्हा ते तसंच राहिलं. वर लिहिलं, 'सेवापूर्तीनिमित्त हार्दिक अभिनंदन'.

दुसऱ्या दिवशी मारुतीच्या पारासमोर तो दहा फुटी फ्लेक्स लागला. पिवळं इंजिन आणि त्यातून फेटा बांधून कमरेपर्यंत बाहेर आलेले आमचे दाजी, गावाला जिलबी वाढताना. माणसं आधी माना वर करून पाहत राहिली. मग मागून कुणीतरी विचारलं की पाव्हणं, कारखान्यात काय पंगतीचं काम व्हतं का, आणि सगळा पार हसला. मीसुद्धा हसलो. सगळ्यांत मोठ्यांदा मीच हसलो असेन.

आक्का हसली नाही. तिने तीच मोरपंखी साडी नेसली होती. फ्लेक्स तिने इकडून तिकडे नीट पाहिला, मग माझ्याजवळ आली.

"आमच्या दोघांचा काढलेला काहून न्हाई लावला, दिगू?"

मी तोंड उघडलं. खरं सांगतो, त्या क्षणी तरी मी कबूल करणार होतो. पण तोंडातून निघालं ते असं, की तो जरा अस्पष्ट आला, म्हणजे, काय होतं की उजेड, म्हणजे थोडी हालचाल... शेजारी दाजी उभे होते. गळ्यात हार, खांद्यावर शाल, हातात नारळ.

"मीच हाललो असंल," दाजी म्हणाले. "मला कुठं फोटोची सवय हाय."

आणि मी गप्प राहिलो. पुतळ्यासारखा उभा राहिलेला तो माणूस माझ्यासाठी हलला, आणि मी ते हलणं चालवून घेतलं. त्या दिवसातली सगळ्यांत लाजिरवाणी गोष्ट तो फ्लेक्स नव्हे, हे माझं गप्प बसणं होतं. आक्काने दाजींकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि आत पंगतीकडे निघून गेली. तिला कळलं होतं. सुनंदा तर माझ्याकडे बघतच नव्हती.

त्या रात्री आम्ही कुरुंद्यातच राहिलो. सकाळी दाजी हळदीच्या रानात निघाले तसा मीही मागे गेलो. हळद छातीला लागेल एवढी वाढलेली. बांधावर बसून ते चिखल निरखत होते. मी शेजारी बसलो आणि कसाबसा म्हणालो, "दाजी, तुमी हालला न्हवता."

"म्हाईत हाय," ते म्हणाले.

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही.

"चौतीस वर्षं शंटिंग केलं, गुरुजी. बावटेवाल्याचा हात जरा इकडं झाला का तिकडं, ते लांबून कळतंय मला. तुमचं भिंग माझ्या कानावरून मागं चाललं व्हतं, ते चार हातावरून दिसणार न्हाई व्हय?"

"मग बोलला काहून न्हाई?"

दाजींनी हळदीचं एक पान बोटाला गुंडाळलं.

"तुमी लय खुशीत व्हता," ते म्हणाले. "म्हणलं, माझ्याबिगर कुणीतरी तिच्याकडं इतक्या मायेनं पाहून राहिलं. पाहू द्यावं." मग उठून पँट झटकली. "पर तुमच्या आक्काचा एक काढाया पायजे व्हता. तिनं घट सोडला व्हता."

आमच्याकडे दाजींची माफी मागत नाहीत, पाया पडतात. मी तिथेच बांधावर पडलो. त्यांनी खांद्याला धरून उठवलं आणि म्हणाले की चिखल लागला, घरी जाऊन धुवा.

वसमतला आल्यावर मी ग्रुप सोडायचं ठरवलं. सोडण्याआधी शेवटचं म्हणून तो पाटीचा फोटो उघडला, अंगठ्यांच्या खाली काय काय लिहिलंय ते वाचायला. एका सभासदाने लिहिलं होतं, 'अप्रतिम! फक्त डाव्या कोपऱ्यात कुणाचा तरी कान आलाय, त्याने जरा मजा गेली.' आणि त्याखाली माझं उत्तर होतं. कान कुणाचा हे न पाहताच, जेवताना डाव्या हाताने लिहिलेलं:

'क्षमस्व. कितीही सांगितलं तरी लोक मध्ये येतातच.'